तीन पट्ट्यांची हजेरी

त्या दिवशी सगळं सुरळीत पार पडलं असतं तर रोलंड पेटिफरच्या पदरात काय काय पडलं असतं, याचा हिशेब प्रयोगशाळेत ज्याने त्याने आपापल्या परीने मांडून ठेवला होता. पहिली जमा प्रोफेसरची खुर्ची. आमच्या विद्यापीठात खुर्ची रिकामी व्हायची तर बसलेला माणूस एकतर घरी जावा लागतो, नाहीतर वर. आणि म्हातारे दोन्हीकडे जायला नाखूश असतात. यंदा एक गेला होता. दुसरी जमा दाराला लागून गाडी उभी करायची जागा, म्हणजे हिवाळ्यात काचेवरचं बर्फ खरवडत मैदानाच्या टोकाला उभं राहणं बंद. तिसरी जमा घरची. सिसलीच्या, म्हणजे रोलंडच्या बायकोच्या, बहिणीचा नवरा आधीपासूनच प्रोफेसर होता, आणि नाताळात घर कोणाचंही असो, टर्कीवर सुरी चालवायचा मान त्याचा असे. आपल्या घरच्या टर्कीवर आपल्या नवऱ्याने सुरी चालवावी, एवढंच सिसलीचं मागणं होतं. बाई फार मागणारी नव्हती.

खर्चाच्या बाजूला एकच कलम होतं. पात्याच्या पाठीवरची टिंबं आलेखावरच्या तांबड्या रेघेखाली राहायला हवी होती.

पातं विमानाच्या इंजिनातलं. जळत्या वायूच्या झोतात गरगर फिरायचं आणि वितळायचं नाही, एवढीच त्याची नोकरी. ते वितळू नये म्हणून त्याच्या पोटातून गार हवा खेळवतात आणि बारीक भोकांतून अंगावर सोडतात. भोकं कमी तितकी गार हवा कमी लागते, आणि तितकं इंजिन काटकसरी. इंजिनवाल्या कंपनीने पाठीवरची भोकांची एक ओळच्या ओळ गाळून नवं पातं आखलं होतं. ते टिकेल की मेणबत्तीसारखं गळेल, हे सांगायचं काम आमच्याकडे आलं होतं.

आमची प्रयोगशाळा म्हणजे कालव्याकाठची बिअरची जुनी भट्टी. भिंतींना अजून माल्टचा वास होता, म्हणून पाहुणे आत आल्या आल्या खूश दिसत. खऱ्या आगीत बारीक मोजमाप होत नाही; म्हणून आम्ही चिनीमातीसारख्या पदार्थाचं नमुन्याचं पातं करायचो. लांबलचक नळीत दट्ट्या हवा दाबत जायचा, दाबून दाबून हवा तापायची, मग झडप उघडायची आणि गरम वाऱ्याचा लोट पात्यावरून निघून जायचा. तुम्ही शिंक आवराल तेवढ्यात खेळ खलास. तेवढ्यात पात्याच्या कुठल्या भागात किती उष्णता शिरली, हे सांगायच्या त्या पट्ट्या.

पट्ट्या ओढायची बेरिल हकाबी. प्लॅटिनमचा रंग, चार केसांचा कुंचला, डोळ्यावर भिंग. पात्यावर एक बारीक रेघ ओढायची आणि भट्टीत भाजायची, की ती रेघ चकचकीत धातूची होऊन बसे. इतकी पातळ, की तिला जाडी आहे असं म्हणायलाही संकोच वाटावा. तिच्यातून थोडी वीज सोडून ठेवायची. वारा लागून ती तापली की तिचा रोध वाढतो, विजेला ती जास्त अडवते. किती जास्त, त्यावरून उष्णतेचा हिशेब. त्यासाठी प्रत्येक पट्टीचा मूळचा रोध ठाऊक असावा लागतो; तो ठाऊक नसेल तर पट्टी काय बोलते ते ऐकू येतं, पण कळत नाही.

बेरिल आमच्याकडे यायच्या आधी स्टोकच्या कारखान्यात कपबश्यांवर सोन्याची कड ओढायची. तिथली एक रीत तिच्या हाडात भिनली होती. कड कुठे तुटलेली दिसली, तर कारागीर बाई काही न बोलता कुंचला टेकवून ती जोडून टाकते. बोलली तर कप कमअस्सल मालात जातो, मुकादम ओरडतो, शेजारणीचं नाव खराब होतं. न बोलता जोडली तर चहा पिणाऱ्याला काही कळत नाही आणि चहालाही काही होत नाही.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच्या चाचणीत नळीतला बारीक कचरा वाऱ्याबरोबर आला आणि पाठीवरच्या नेमक्या तीन पट्ट्या खरवडून गेला. सात, आठ आणि नऊ. आमचा नियम साधा होता: मेलेली पट्टी ती मेलेली. आलेखात तिच्या जागी मोकळी जागा सोडायची आणि लाजायचं नाही. पण ह्या तिघी बसल्या होत्या बरोबर गाळलेल्या भोकांच्या ओळीवर. सगळी चौकशी ज्यांच्याकडे करायची, तेच साक्षीदार मेले.

त्या दुपारी चहाच्या वेळी रोलंड बेरिलच्या खोलीच्या दारात बशी धरून उभा राहिला.

“त्या तीन जागा मोकळ्याच जातील म्हणायच्या,” तो म्हणाला. “पाहुण्यांसमोर जरा वाईट दिसेल, नाही का?”

“दिसेल खरं.”

“काही इलाज नसणार, अर्थात.”

“चहा निवतोय तुमचा, डॉक्टरसाहेब.”

संपलं. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, कोणी काही कबूल केलं नाही. आमच्याकडे लग्नंसुद्धा साधारण अशीच ठरतात.

दुसऱ्या दिवशी इंजिनवाल्या कंपनीचा फिनले किनकेड ठरल्यापेक्षा लवकर आला. स्कॉटलंडचा माणूस, अंगाने दार भरणारा, कोट न काढता काम सुरू करणारा. नवं पातं त्याच्याच डोक्यातून निघालं होतं. त्याला घेऊन आले विभागाचे प्रमुख प्रोफेसर ब्रॅथवेट, ज्यांच्या तोंडातला पाइप पेटलेला कधी कोणी पाहिला नाही. खुर्चीसाठी नाव सुचवायचं ते ह्यांनीच.

नॉरिस टॅपली नोंदयंत्राशी बसायचा. रोज सकाळी सगळ्यात आधी मीटर घेऊन एकेका पट्टीचा रोध मोजायचा, हे त्याचं काम. तो मीटर उचलणार एवढ्यात रोलंडने पाहुण्यांना आत येताना पाहिलं आणि हळूच म्हणाला, “त्यांना ताटकळत ठेवायला नको, नॉरिस. आपण थेट हजेरीच घेऊ.”

“मोजणी राहू दे म्हणता?”

“कालची आहेच की.”

नॉरिसने मीटर टेबलावर ठेवलं. वरिष्ठ माणूस ‘नको’ म्हणाला की पुन्हा विचारणं उद्धटपणाचं, आणि नॉरिस उद्धट नव्हता. शिवाय पाहुण्यांसाठी आणलेली क्रीमची बिस्किटं त्याच्याच टेबलावर होती.

हजेरी ही आमची जुनी गंमत. नळीच्या टोकाला पातं बसवलेला बोगदा होता; एकाने त्याच्या बाजूच्या झाकणातून आत वाकायचं, शरबताची नळी तोंडात धरून एकेका पट्टीवर हलकेच फुंकायचं, श्वासाची ऊब लागली की पट्टी तापते, यंत्रावरचा काटा हलतो, आणि नॉरिसने ओरडायचं, “जिवंत!” मुक्या वस्तू नाव घेतल्यावर ओ देतात असं पाहुण्यांना वाटे. त्या दिवशी फुंकायला रोलंड स्वतः वाकला.

“एक!”

“जिवंत!”

“दोन!”

“जिवंत!”

किनकेड हसला. “माझ्या खात्यातली माणसंसुद्धा इतक्या झटकन ओ देत नाहीत.”

सहापर्यंत सगळं ठीक. सातव्या पट्टीपाशी रोलंड थांबला. तिघी मेल्या आहेत हे पाहुण्यांना कसं सांगायचं, याचं वाक्य त्याने घरून पाठ करून आणलं होतं. वाक्य छान होतं. त्यात ‘दुर्दैवाने’ एकदाच होतं. त्याने फुंकर मारली.

“जिवंत!” नॉरिस ओरडला, आणि स्वतःच चकित होऊन त्याने मान वर केली.

बोगद्यातून आवाज आला, जरा जाड झालेला. “आठ.”

“जिवंत!”

“नऊ.”

“जिवंत! अरे वा!”

रोलंड बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर झाकणाच्या कडेचा वळ उठला होता. नॉरिस त्याच्याकडे पाहत होता. डॉक्टरांनीच काहीतरी केलं असणार, असं नॉरिसला वाटलं. काय केलं हे विचारणं त्याच्या पदाला शोभणारं नव्हतं. रोलंडने बेरिलच्या खोलीकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं.

त्या क्षणी तो म्हणू शकला असता, ‘एक मिनिट, मोजून घेऊ.’ मीटर हाताच्या अंतरावर होतं. प्रोफेसर ब्रॅथवेटनी घड्याळ पाहिलं, किनकेडने हात चोळले. रोलंड म्हणाला, “झाकण लावा.”

भोंगा झाला. नळीत दट्ट्या सरकू लागला, तसा जमिनीतून एक कंप येऊन सगळ्यांच्या बुटांत शिरली. मग धाडकन आवाज, टेबलावरचे कप बश्यांत थरथरले, आणि शांत. नोंदयंत्राची लेखणी कागदावर चालू लागली. तांबडी रेघ आधीच छापलेली होती. तिच्यावर गेलं की पातं गेलं. लेखणीने एकेक टिंब टाकलं. पाच, सहा. मग सात, आठ, नऊ. तिन्ही रेघेच्या खाली. अगदी लागून, पण खाली. जिन्याखाली डोकं वाकवून उभी राहिलेली माणसं दिसावीत तशी.

“बसलं!” किनकेडने टेबलावर मूठ आपटली, बिस्किटं उडाली. “बसलं की हो! ही ओळ मी गाळली तेव्हा घरच्या कुत्र्यानेसुद्धा माझ्याकडे पाठ फिरवली होती. जेवण झालं की फोन करतो. कारखान्याला साचे करायला सांगून टाकतो.”

“सावकाश,” प्रोफेसर ब्रॅथवेट म्हणाले. त्यांच्या भाषेत हे अभिनंदन होतं.

रोलंड सगळ्यांबरोबर हसला, आणि मग हात धुवायला म्हणून बेरिलच्या खोलीकडे गेला.

बेरिल भिंगावरून त्याच्याकडे बघत होती. “बोलल्या ना तिघी?”

“बोलल्या.”

“बोलणारच. काल तुम्ही गेल्यावर बसले. प्लॅटिनम भाजायला सवड नव्हती, म्हणून चांदीचा लेप लावून जोडल्या. नववी फार गेली होती बिचारी. तिला बराच लांब पूल घालावा लागला.” तिने कुंचला पुसला. “नॉरिसच्या मीटरवर किती आल्या?”

रोलंड खिडकीबाहेर पाहू लागला. कालव्यात एक बदक होतं. ते काही सांगेना.

“मोजल्या ना सकाळी?”

“पाहुणे लवकर आले, बेरिल.”

बेरिलने कुंचला खाली ठेवला. दोघांनाही एकच गोष्ट कळत होती आणि ती अवघड नव्हती. चांदीच्या पुलावरून वीज बिनअडथळा धावते. म्हणजे जोडलेल्या पट्टीतला बोलणारा भाग तेवढा आखूड झाला. आखूड पट्टीचा आवाज बारीक. यंत्राला हे कोणी सांगितलेलं नाही; ते जुनाच रोध धरून बसलंय, आणि बारीक आवाज ऐकून म्हणतंय की उष्णता कमी आहे. किती कमी समजतंय? ते फक्त मीटर सांगणार. कदाचित नखभर. कदाचित तांबड्या रेघेच्या पार.

“मग आता मोजा,” बेरिल म्हणाली.

“पाहतो.”

“पाहतो म्हणजे? तो स्कॉटिश बाबा जेवून उठला की फोन करणार.”

“पूल अगदी लहान असेल तर काही फरक पडणार नाही.”

“नववीचा लहान नाही. मीच घातलाय.” ती थांबली. “मी जाऊन सांगू का?”

“नको,” रोलंड चटकन म्हणाला. “ते माझं काम.”

“मग करा, राजा.” ती सगळ्यांनाच राजा म्हणायची, दूधवाल्यालासुद्धा, पण डॉक्टरसाहेबांना तिने त्या दिवशी पहिल्यांदाच म्हटलं.

इथे आमच्या लोकांचा एक नियम सांगितला पाहिजे, नाहीतर रोलंडचं पुढचं वागणं नुसतं भेकडपणाचं वाटेल. ते तसं होतंच. पण नुसतं नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं आमच्याकडे पाप आहे. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देणं हा शिष्टाचार आहे. ह्या दोन खांबांच्या मधे जी जागा उरते, तिच्यात कितीतरी सभ्य माणसांनी आयुष्यं काढली आहेत. रोलंड कोट घालून त्या जागेत शिरला, आणि कोणी काही विचारू नये अशी मनोमन प्रार्थना करत सगळ्यांबरोबर कोपऱ्यावरच्या पबमध्ये जेवायला गेला.

किनकेडने खिम्याची ‘पाय’, म्हणजे खिमा भरलेली भाजकी खारी, मागवली, प्रोफेसरांनी मासा. रोलंडने सूप घेतलं आणि ते ढवळत बसला.

“समितीची बैठक गुरुवारी आहे,” प्रोफेसर माशाचा काटा काढत म्हणाले. “मी काही बोलत नाही, रोलंड. पण गुरुवारी तो तपकिरी टाय घालू नकोस.”

“नाही घालणार.”

“सिसलीला माझा नमस्कार सांग. तिला आनंद होईल. कशाचा, ते मी बोललेलो नाही.”

किनकेड चमचा नाचवत कारखान्याच्या गोष्टी सांगत होता. साचे सांगितले की परत फिरता येत नाही. ते झाले की ओतकाम, मग खरं इंजिन, मग परीक्षेचं उड्डाण. “त्या उड्डाणात मी स्वतः बसणार आहे,” तो म्हणाला. “बायको म्हणते, बस बाबा, निदान तुझ्या पात्यावर तुझा तरी विश्वास दिसेल.”

प्रोफेसर हसले. रोलंडने सूपमधून चमचा बाहेर काढला, परत आत ठेवला. फोन पबच्या बारशेजारी भिंतीवर होता. किनकेडने चिल्लर आधीच टेबलावर काढून ठेवली होती.

“खरं म्हणजे,” रोलंड म्हणाला, “एक-दोन पट्ट्यांबद्दल मला जरासं कुतूहल वाटतंय.”

“वाटायलाच हवं!” प्रोफेसर म्हणाले. “कुतूहल संपलं की माणूस शासकीय कामाला लायक होतो. गोड काय घ्यायचं?”

रोलंडने सुस्कारा सोडला. सांगून झालं. सांगितलं नाही असं आता कोणी म्हणू शकत नव्हतं. नाणं खोटं असेल, पण दानपेटीत पडल्याचा आवाज तर झाला. सफरचंदाची ‘पाय’ घ्यावी की नुसतं कस्टर्ड, याचा तो विचार करू लागला. आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की समोरचं चर्वण थांबलंय.

किनकेडने तोंडातला घास गिळला. चमचा थाळीत आडवा ठेवला.

“किती?” त्याने विचारलं.

“काय?”

“कुतूहल. किती वाटतंय?”

“जरासंच.”

“हे पाहा पेटिफर, अर्धं आयुष्य मी तुम्हा इंग्रजांत काढलंय. तुमचे शब्द मी तराजूत घालून घेतो. माझा शेजारी म्हणाला, मागच्या दारी थोडा ओलावा वाटतो. जाऊन पाहिलं तर त्याची खुर्ची तरंगत होती. तुमचा सर्जन ‘जरासं कुतूहल’ म्हणाला आणि माझ्या मामाचा पाय गेला.” तो पुढे वाकला. “म्हणून सरळ विचारतो. त्या तीन टिंबांवर मी माझं पातं टांगू का? हो, की नाही?”

प्रोफेसर ब्रॅथवेटनी पाइप तोंडातून काढला. “फिनले, इथे जेवणाच्या टेबलावर...”

“टेबल गेलं खड्ड्यात. हो, की नाही?”

बारवर कोणीतरी पेला विसळत होतं. ‘हो’ हा शब्द रोलंडच्या जिभेवर आला होता. तो लहान होता, सोपा होता, आणि खरा असण्याचीही थोडी शक्यता होती. सातवी आणि आठवी कदाचित खालीच असतील. नववी... बेरिल म्हणाली होती, बराच लांब पूल. त्याने तोंड उघडलं आणि प्रोफेसरांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ सूचना होती. ते शब्दांत कधीच सांगत नसत, आणि रोलंडला ते नेहमीच समजत असे.

“नाही,” तो म्हणाला. “मोजल्याशिवाय नाही.”

“मग उठा,” किनकेड म्हणाला, आणि चिल्लर परत खिशात टाकली.

परत आल्यावर नॉरिसने मीटर हातात घेतलं तेव्हा त्याचे कान तांबडे झाले होते. बेरिल आपल्या दारात येऊन उभी राहिली, हात एप्रनखाली घेऊन. कोणी तिला बोलावलं नव्हतं, कोणी जा म्हणालं नाही.

“सात,” नॉरिस म्हणाला आणि आकडा सांगितला. रोलंडने पेन्सिलीने हिशेब केला, आलेखावर नवं टिंब दिलं. जरा वर सरकलं. रेघेखालीच.

“पाहिलंत?” प्रोफेसर म्हणाले. “उगाच जेवण टाकून आलो.”

“आठ.”

पेन्सिल चालली. टिंब रेघेवर बसलं, वर ना खाली, कुंपणावरच्या मांजरासारखं. किनकेडने श्वास सोडला. “कुंपण चालेल मला. कुंपणाचं मी बघतो. पुढे.”

नॉरिसने नवव्या पट्टीला तारा लावल्या. काटा हलला, खाली आला, आणखी खाली आला, थांबला. नॉरिसने मीटरवर बोटाने टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही. त्याने तारा काढून पुन्हा लावल्या. आकडा सांगितला तो इतक्या हळू, की किनकेडला पुन्हा विचारावा लागला.

रोलंडने हिशेब एकदा केला. खोडून पुन्हा केला. मग टिंब दिलं. ते रेघेच्या इतकं वर गेलं, की कागदावरच्या छापील चौकटीला जवळजवळ टेकलं.

“म्हणजे तिथे वितळणार,” किनकेड म्हणाला. कोणाला विचारून नव्हे.

“तिथे वितळणार.”

“एकाच जागी.”

“एक जागा पुरते,” रोलंड म्हणाला.

किनकेडने त्या टिंबावर बोट टेकवलं. आपण गाळलेली भोकांची ओळ तो मनातल्या मनात परत पाडत असावा.

प्रोफेसर ब्रॅथवेटनी घसा साफ केला. आवाजातला गारठा त्यांना वाढवावा लागला नाही. तो त्यांच्याकडे तयारच असे. “मेलेल्या पट्टीला हात लावायचा नाही, असा इथला नियम होता असं मला वाटत होतं. ही दुरुस्ती कोणी केली?”

सगळ्यांची नजर कुठे जाणार हे ठरलेलंच होतं. ती बेरिलपर्यंत पोचायच्या आत रोलंड म्हणाला, “माझ्या सांगण्यावरून झाली.”

“सांगितलंत काय नक्की?” किनकेडने विचारलं.

रोलंडने आठवून पाहिलं. “वाईट दिसेल, असं.”

“बस?”

“बस.”

“आणि तेवढ्यावर ह्या बाईंनी...” किनकेडला हसू आलं, ते त्या खोलीत फार मोठं वाटलं. “परमेश्वरा. तुम्हा लोकांत कुणी ‘आग लागली’ कसं सांगतं? ‘खोली ऊबदार वाटते नाही?’ असं?”

“मी केलं,” बेरिल म्हणाली. “चांदी माझी, हात माझा. डॉक्टरसाहेब, तुम्ही मधे पडू नका. जन्मात मी दुसऱ्याच्या छत्रीखाली उभी राहिले नाही.”

“बेरिल, मला वाटतं...”

“तुम्हाला काय वाटतं ते आता पुरे. काल तेच ऐकून बसले ना मी.”

नॉरिसने बिस्किटांचा डबा पुढे केला. कोणी घेतलं नाही, तेव्हा त्याने स्वतः एक घेतलं.

किनकेडने फोन केला. पबमधून नव्हे, रोलंडच्याच टेबलावरून, दार उघडं ठेवून. पलीकडचा माणूस बराच वेळ ओरडत होता. किनकेड ‘होय’ आणि ‘नाही’ एवढंच म्हणत होता, आणि दोन्ही सरळ म्हणत होता.

आता कोणी किती किंमत भरली ते सांगतो.

किनकेडने आपली ओळ परत पाडली. काटकसरी पात्याचा म्हणून जो मान मिळायचा तो गेला, कंपनीत वर्षभर लोक त्याला ‘भोकवाला’ म्हणत, आणि परीक्षेच्या उड्डाणात तो बसला तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण विशेष काही घडलं नाही. प्रोफेसर ब्रॅथवेटना काही भरावं लागलं नाही. गुरुवारच्या बैठकीत त्यांनी रोलंडबद्दल इतकंच सांगितलं की माणूस ‘अत्यंत प्रामाणिक’ आहे. समितीला अर्थ कळला. खुर्ची दक्षिणेकडच्या एका गृहस्थाला गेली, ज्याच्या हातून आजवर एकही पट्टी मेली नव्हती, कारण त्याने एकही ओढलेली नव्हती.

नॉरिसला उलट फायदाच झाला. हजेरीच्या आधी मोजणी झालीच पाहिजे, पाहुणे आले तरी आणि राणी आली तरी, असा नवा नियम लागला, आणि ज्याने त्या दिवशी मोजलं नव्हतं त्याच्याच नावाने तो ओळखला जाऊ लागला. आमच्याकडे आजही त्याला ‘टॅपलीची मोजणी’ म्हणतात.

रोलंडच्या खात्यातून खुर्ची गेली, हे सगळ्यांना दिसलं. बेरिलने काय भरलं ते मात्र हळूहळू दिसत गेलं. तिची नोकरी गेली नाही, तिला कोणी रागावलं नाही. पण त्यानंतर रोलंड तिच्या दारात बशी धरून कधी उभा राहिला नाही. काम असलं की येऊन सांगे, शब्द मोजून, काही बाकी न ठेवता: अमुक पात्यावर इतक्या पट्ट्या, अमुक दिवसापर्यंत, कृपया. त्यात चूक व्हायला जागा नव्हती. न सांगता समजून घेण्यासारखंही त्यात काही उरलं नव्हतं. वसंतात बेरिलने परत स्टोकची वाट धरली, आणि कोणी विचारलं तर सांगायची, हल्ली त्या प्रयोगशाळेत फार आज्ञा सोडतात.